ओटीतली पोटली

मालेगावला जाते म्हणून सांगितलं, तर शेजारच्या दमयंतीबाई म्हणाल्या, "मग काय, संध्याकाळपर्यंत परत." आम्ही नाशिकची माणसं, आम्हाला मालेगाव एकच ठाऊक. मी निघाले होते वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावला. आगगाडीनं अकोला, तिथून एसटी, आणि पुढे भाचा नेईल तिकडे. दमयंतीबाईंनी माझ्या पिशवीत चार दशम्यांचा डबा कोंबला आणि दारात उभ्या राहून हात हलवला. यजमान गेल्यापासून त्या स्वतः कुठे जात नाहीत, कुणाच्या हळदीकुंकवालासुद्धा नाही.

पातूर सोडून एसटी घाट चढायला लागली आणि माझी खिडकी एकदम पांढरी झाली. पदरानं पुसली तरी पांढरीच. मग कळलं, काच मळलेली नाही, बाहेर धुकं आहे. त्या धुक्यातून मधेच एखादं पळसाचं झाड जवळ यायचं, मान डोलवायचं आणि जायचं. माझं माहेर इकडचंच, पण चाळीस वर्षं नाशिकला काढल्यावर माहेराची वाटसुद्धा स्वप्नातली वाटते. कंडक्टरला दोनदा विचारलं, मालेगाव आलं का? तिसऱ्यांदा तोच म्हणाला, "झोपा ना मावशी निवांत, मी उठवतो. मालेगाव कुठी पळून नाही जाऊन राह्यलं."

स्टँडवर मंगेश मोटारसायकल घेऊन उभा. मंगेश म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा मुलगा. पुण्यात संगणकावर मोठी नोकरी होती. पाच वर्षांपूर्वी ती सोडली, फ्लॅट विकला आणि वडिलांच्या कोरडवाहू रानात येऊन राहिला. आमच्याकडे सगळे म्हणतात, पोराचं डोकं फिरलं. मी म्हटलं, फिरलं तर कुठल्या दिशेला फिरलं ते जाऊन बघावं.

रस्ता सोडून फाट्यावरून आत वळलो. सोयाबीन निघून गेलेली काळी रानं, मधूनच हरभऱ्याचा हिरवा तुकडा, आणि तुरीच्या काढलेल्या पेंढ्या धुक्यात बसून राहिलेल्या, जशा काही गप्पा मारताहेत. रानाच्या मधोमध मंगेशचं घर. मातीच्या भिंती, वर पत्रे, पत्र्यावर सूर्यावर चालणाऱ्या विजेच्या निळ्या पाट्या. मागे शेणाच्या गॅसची टाकी. विजेचं मीटर नाही, सिलिंडर नाही, कशाचा हप्ता नाही.

"आत्याबाई, या वो. थंडी लय हाये, पाय शेकता का?" ही सारिका, मंगेशची बायको. धनज गावची लेक. बोलणं असं सरळ की पहिल्या पाच मिनिटांत मला घरातलं मीठ कुठे आहे ते कळलं.

त्या घरात दिवस कसे जात ते सांगता येत नाही, कारण ते जात नसत. धुक्यात सकाळ अकरापर्यंत लांबायची. पहाटे सारिका मला हरभऱ्यात घेऊन गेली. आदल्या संध्याकाळी तिनं झाडांवर धुतलेलं धोतर पसरून ठेवलं होतं. आता ते दवानं भिजून जड झालेलं. दोघींनी दोन टोकं धरून पिळलं, तर तांब्यात पिवळट पाणी. आंब म्हणतात त्याला (हरभऱ्याच्या पानांवरचं आंबट दव, पोटदुखीवर ठेवतात). बोट बुडवून चाखलं आणि साठ वर्षं मागे गेले. माझी आई अशीच पिळायची. धुक्यात तिचा नुसता हात दिसायचा, बांगड्यांसकट.

आठवड्यातून एकदा मंगेश हळद देऊन चक्कीवाल्याकडून पीठ आणतो, तूर देऊन तेल आणतो. विकत आणायच्या वस्तू एका हाताच्या बोटांवर. दुपारी रोडगे केले (गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे जाड गोळे), सोबत वांग्याची भाजी. राख झटकत मी विचारलं, "अरे, पण फ्लॅटचे एवढे पैसे? ते कुठल्या बँकेत?"

"कोणत्याच नाही. बिटकॉईनमधी हायेत."

मला काय समजलं ते सांगते. जगभर हजारो लोकांच्या संगणकात एकच वही आहे, सगळ्यांकडे तीच नक्कल. त्यात मंगेशचा वाटा लिहिलेला. तो हलवायचा तर बारा शब्द लागतात, ठरलेल्या क्रमानं. ते शब्द ज्याच्या हाती, पैसे त्याचे. ना साहेब, ना सही, ना अर्ज.

"आणि शब्द हरवले तर?"

"तं गेलं सगळं. तक्रार करायले कोणी नाही, हेच तं त्यातलं मोकळेपण हाये आत्या."

शब्द त्यानं कागदावर ठेवले नव्हते, वाळवी लागते म्हणून. डोक्यातही नाहीत, ताप आला की काय भरवसा. पोलादाच्या बोटभर पट्टीवर एकेक अक्षर हातोडीनं ठोकलं होतं. दुसरी नक्कल नाही. पट्टी कुठे, ते एकट्या त्यालाच माहीत.

"मले बी नाही सांगत," सारिका रोडग्यावर जरा जास्तच जोरात फडकं आपटत म्हणाली. "मागं भाव निम्म्यावर आला तवा दोन दिवस हे जेवले नाही. म्या विचारलं, काय झालं? तं म्हणते, तुले नाही समजत. उद्या यांले रस्त्यात काही झालं तं म्या काय त्या वहीले जाऊन पुसू?"

"तुले माहीत नसलं तं तुले कोणी धमकावू बी शकत नाही," मंगेश म्हणाला.

"मले कोण धमकावते? तुमीच घरी असता दिवसभर."

मी हसले, मंगेशही हसला. सारिका नाही हसली.

तिसऱ्या दिवशी निघाले. धुकं दोन दिवसांपासून हललं नव्हतं, त्यामुळे पत्र्यावरच्या पाट्या निजलेल्या आणि माझा फोन मेलेला. मंगेश पाया पडून विहिरीवर मोटार दुरुस्त करायला गेला. मी चपला घालणार, तेवढ्यात सारिकानं पाट मांडला.

"बसा आत्याबाई. ओटी भरतो."

मी म्हटलं, "अगं, माझी?" अकरा वर्षं झाली मला कुंकू पुसून. ओटी सवाष्णीची भरतात. अकरा वर्षांत कुणी भरली नाही आणि मी कुणाला म्हटलंही नाही.

"मंग काय झालं? माहेरी आल्या ना तुमी? हे सारं सोडून राह्यलेत, बँक सोडली, मीटर सोडलं. म्या बी एक सोडतो."

त्या घरात नारळ विकत आणत नाहीत, म्हणून कवठ ठेवलं. घरचं हळकुंड. तांदूळ पिकत नाही, म्हणून ज्वारी, तीही बियाण्याच्या गाडग्यातली. "साऱ्यात उजवं धान्य तेच हाये," म्हणाली आणि पाच ओंजळी पदरात घातल्या. मग गाडग्यात हात घालून एक सुतळीनं बांधलेली पोटली काढली. "कडुनिंबाचा पाला हाये. ज्वारीत राहू द्या, नाशिकले जाईपर्यंत सोंडे-किडे नाही लागत."  पदर धरून तशीच बसले.

फाट्यापर्यंत ती सोबत चालत आली आणि काळीपिवळीत (माणसं खचाखच भरणारी जीप) मला खिडकीशी बसवलं.

मालेगावला अकोल्याची गाडी दीड तास उशिरा. स्टँडसमोर बांगड्यांचं दुकान होतं. नाशिकच्या सुनेला बांगड्या घ्याव्यात म्हणून शिरले. दुकानदारीण शमीमबी, माझ्याच वयाची, चष्म्याला एका बाजूनं दोरी. हिरव्या दाखवता दाखवता तिनं निवडायला दुकानात आणलेला तांदळाचा डबा उपडा केला आणि कपाळाला हात लावला. "देखो बाई, सोंडेच सोंडे. दुकान पाहू का डबे पाहू?"

मला इतकं भरून आलेलं होतं ना, की कुणाला तरी काहीतरी द्यावंसं वाटत होतं. मी गाठोडं सोडलं आणि पोटली काढून दिली. "डब्यात टाका. माझ्या भाचसुनेच्या घरची आहे." शमीमबीनं बांगड्यांच्या भावात वीस रुपये सोडले. मी स्टँडवर येऊन दशमी खाल्ली आणि बाकावर डोळे मिटले. धुकं विरून कोवळं ऊन पडलं होतं. आई हरभऱ्यात उभी होती.

"आत्या! ओटी कुठाय?"

डोळे उघडले तर मंगेश. मागे सारिका, केसांत धूळ. मंगेशचा चेहरा राखेसारखा. तो विहिरीवरून आल्यावर सारिकानं कौतुकानं सांगितलं होतं, बियाण्याची ज्वारी दिली, पोटलीसुद्धा दिली. बियाण्याच्या गाडग्याला कुणी हात लावत नाही, म्हणून त्यानं पट्टी त्या पाल्यात गुंडाळून ठेवलेली. माझ्या फोनला फोन लावत आले बिचारे, तो पिशवीच्या तळाशी मेलेला.

मी म्हटलं, "पोटली तर देऊन टाकली रे."

तो बाकावर बसलाच. मी समोरच्या बांगड्यांच्या दुकानाकडे बोट केलं, तर दुकानाला कुलूप. पानवाला म्हणाला, "शमीमबी? जेवाले गेली. येईन तासाभरात. घर? तिकडं मोहल्ल्यात, पण लेकीकडं बी जाते कधी."

मग आम्ही तिघं त्या बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. माझी अकोल्याची गाडी आली आणि गेली. पानवाल्यानं तीनदा विचारलं, "काय हरपलं भाऊ?" तीनदा मंगेश म्हणाला, "काही नाही." चौथ्यांदा पानवाला म्हणाला, "काही नाहीसाठी लय घाम येऊन राह्यला तुमाले."

 मग सारिका रस्त्याकडे बघतच बोलली. "मले सांगतलं असतं तं म्या त्या गाडग्याले हात लावला असता काय?"

"नाही."

"तुमाले वाटलं, म्या कोणाले सांगीन."

"तसं नाही."

"मंग कसं?"

 मंगेशनं पायरीवरची काचेची एक फुटकी बांगडी उचलली आणि बोटात फिरवत राहिला. पाच वर्षांपूर्वी पुणं सोडतानाही त्याचा चेहरा असा नव्हता. तेव्हा तो सोडत होता, आता त्याच्याकडून सुटलं होतं. मला वाटलं, माझ्या ओटीपायी पोरांचं घर बसलं. गाठोडं मांडीवर घेऊन मी देवाचं नाव घेत होते, तेही नीट आठवेना.

शमीमबी आली ती किल्ली शोधत, सावकाश. आम्हा तिघांना पाहून थांबली. "काय वो बाई, बांगड्या फुटल्या काय?"

"ती पोटली," मी म्हटलं. "डब्यात टाकलीत का?"

"पाला टाकला. दोन डब्यांत आधा आधा." मंगेशनं डोळे मिटले. "अन् अंदर का ताईत ऊपर रखा."

तिनं कुलूप काढलं, स्टूल ओढलं, चढली. भिंतीतल्या उंच कोनाड्यात, अत्तराच्या बाटलीशेजारी, पांढऱ्या रुमालात गुंडाळलेली पट्टी. दोन्ही हातांनी खाली आणली. "मले वाटलं, बाईच्या घरच्या कोणाचा ताईत हाये, भुलून आला. येतीन परत घ्याले. असी चीज खाली ठेवत नसतात."

मंगेशनं रुमालासकट पट्टी घेतली. "मौसी, तुमी वाचलं का त्यावरचं?"

शमीमबीनं चष्म्यावरून त्याच्याकडे असं बघितलं, जसं एखाद्या लहान मुलानं काहीतरी वंगाळ विचारावं. "दुसऱ्याचा ताईत वाचते काय कोणी? अल्ला, काहून वाचू?"

मंगेश उभा राहिला. रुमाल हातात, तसाच.  मग त्यानं पट्टी खिशात घातली नाही. सारिकापुढे धरली.

"वाच."

"अठी? रस्त्यावर?"

"हाओ. अठीच."

सारिका उन्हाकडे पाठ करून बसली. तिचे ओठ हलायला लागले. बारा शब्द, एकदा, दोनदा, मग डोळे मिटून तिसऱ्यांदा. लहानपणी आम्ही जात्यावरच्या ओव्या आईच्या तोंडून अशाच उचलत असू. शमीमबी दुसरीकडे बघत बांगड्यांचे डबे पुसत होती. मीही रस्त्यावरच्या मोटारी बघत राहिले.

निघताना मंगेशनं तिला विचारलं, काय देऊ? ती म्हणाली, "पाला लय चांगला हाये. सोंडे खतम झाले तं अजून आणून दे."

संध्याकाळच्या गाडीनं अकोला, तिथून नाशिक. घाट उतरताना ऊन तिरपं होतं आणि पळस आता नीट ओळखू येत होते. गाठोडं सगळा वेळ मांडीवर होतं.

आता महिना झाला. सारिकाचा फोन आला की मी विचारते, आठवतात का गं? ती म्हणते, "आंब पिळता पिळता रोज एकदा म्हणतो मनात. एक शब्द लय वंगाळ हाये, जिभेवर बसत नाही. तुमाले नाही सांगत पण." मी म्हणते, सांगू नकोस बाई. मंगेशनं आणखी काय काय सोडलं, काय धरलं, त्यातलं मला फार समजत नाही. पण तो आता बियाण्याच्या गाडग्यात काही ठेवत नाही म्हणे. पट्टी नव्या जागी आहे आणि ती जागा दोघांना माहीत आहे.

काल दमयंतीबाई दशम्यांचा डबा न्यायला आल्या. त्यांना बसवलं, पाट मांडला. त्या म्हणाल्या, "अहो, हे काय? माझी?" मी म्हटलं, धरा पदर. ज्वारीच्या पाच ओंजळी घातल्या. त्या बराच वेळ मान वर करेनात.

मग सोंडे लागू नयेत म्हणून घरी बांधलेली पाल्याची पोटली वर ठेवली. ठेवण्याआधी बोटांनी नीट दाबून पाहिली. आत नुसता पालाच होता.