पोळ्याची मोटार

नागपूर, जबलपूर, प्रयाग, कलकत्ता असा मुलूख पालथा घालून मी मोटार तळेगावात आणली, तेव्हा मी भलताच तोऱ्यात होतो. आमचे डॉक्टर डोळ्यांच्या दवाखान्यासाठी देणग्या गोळा करायला निघाले होते आणि गाडी मी चालवली होती. तराफ्यावरून नद्या ओलांडल्या, चाकं फुटली, एकदा तर बैलगाडीचं वंगण घालून वेळ भागवली; पण मोटारीला मागून धक्का मारायची पाळी मी कुणावर येऊ दिली नाही. हे मी भेटेल त्याला सांगत होतो, आणि आता इतक्या वर्षांनीही सांगतोच आहे.

मी लोणावळ्याच्या रेल्वे शेडमधला फिटर. बिनपगारी रजा काढून गेलो होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर हजर व्हायचं होतं. तळेगावात आपल्या दाराशी उतरताना डॉक्टर म्हणाले, "आता मावळातल्या गावागावांतून मोतीबिंदूची माणसं इथं आणायची. गाडी कोण चालवणार?"

"मीच की," मी म्हणालो.

डॉक्टर म्हणाले, "नोकरी सोडावी लागेल. मोटार घेऊन जा, घरी विचार, आणि उद्या काय ते सांग."

घरी विचार म्हणजे आबांना विचार. माझे वडील घाटात बँकरवर ड्रायव्हर होते. कर्जतहून घाट चढणाऱ्या गाडीला मागून आणखी एक इंजिन लावतात, तो बँकर. वाफेची इंजिनं जाऊन नुकतीच विजेची आली होती, पण आबांचं काम बदललं नव्हतं. गाडी मागून रेटायची, चढ संपला की सुटायचं आणि परत खाली जायचं. पुढच्या डब्यांतल्या माणसांना त्यांचं तोंडही दिसत नसे. तरी आबा त्या कामाबद्दल असे बोलत, जणू अख्खी मेल त्यांच्याच खांद्यावर घाट चढते. साहेबाच्या मागे लागून त्यांनीच मला शेडमध्ये चिकटवलं होतं. त्यांच्या लेखी रेल्वेची नोकरी सोडणारा माणूस एक तर आजारी असायचा, नाही तर वेडा.

त्या दिवशी भादव्याची अवस, म्हणजे आमच्या मावळातला पोळा. पोळ्याला आबा रजा टाकून आमच्या गावी, आंबीला जाणारच, म्हणून मीही मोटार आंबीकडे वळवली.

गावात शिरलो तर बैल न्हाऊन, शिंगं रंगवून, झुली घालून मारुतीपुढे उभे होते. मोटार दिसली आणि बैल राहिले बाजूला. मी कुठे कुठे जाऊन आलो ते आबांनी आधीच गावभर केलेलं दिसत होतं. ते गाडीभोवती एक फेरी मारून आले, चिखलानं माखलेल्या चाकांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "लय राबलीय. हिलाबी मान द्यायचा."

मग काय, सगळं गाव कामाला लागलं. बैलांचे खांदे चोळायची कालची खांदेमळणी मोटारीची हुकली होती, ती आधी करायची ठरली. पण मोटारीचा खांदा कुठला, यावर पारावर वाद पेटला. पुढच्या चाकांवरचे पत्रे हाच खांदा, असा निकाल पाटलांनी दिला. त्यावर हळद आणि लोणी चोळलं, तांबडा हिंगूळ फासला, टपावर झूल टाकली. मी नको नको म्हणेपर्यंत कुणीतरी पुढच्या जाळीत अख्खी पुरणपोळी कोंबून टाकली. कलकत्त्यात या गाडीला हार पडले होते, पण मला ही पोळी जास्त भावली. बैलांच्या मागोमाग मोटार वाजतगाजत निघाली आणि मी सुकाणूवर नवरदेवासारखा बसलो होतो.

मिरवणूक संपली तशी आबांची चुलती चाचपडत पुढे आली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा तिनं पत्र्यावरून हात फिरवला.

"रंग कंचा लावलाय रं?" तिनं आबांना विचारलं.

"तांबडा, काकी."

"चांगला दिसत आसंल," ती म्हणाली आणि बोटं पदराला पुसत घराकडे वळली.

मी किल्ली घेऊन निघणार, तर आबांनी अडवलं. "आज न्हाई. पोळ्याला कुनाच्या मानंवर जू ठेवत न्हाईत. ही हितंच ऱ्हाईल. सकाळी ही डॉक्टरांना देऊ आन दोघंबी तळेगावला आगगाडी धरू, तुला शेडात जायचंय."

आता बोलणं भाग होतं. "आबा, मी शेडात न्हाई जायचो. डॉक्टरांकडं ऱ्हातो. हीच गाडी चालवतो."

ते किती तरी वेळ जाळीतली पुरणपोळी काढत बसले.

"रेल्वेची कॉटर जाईल."

"व्हय."

"पास जाईल. म्हातारपणी काय करशील?"

नागपूरपासून कलकत्त्यापर्यंत लोक काय विचारायचे तेवढं मी सांगितलं. पैसे देऊन झाले की सगळ्यांचा एकच सवाल, ही गाडी आमच्याकडं कधी येणार? आबा ऐकून घेऊन उठले. जेवले आणि अंथरुणावर पडले.

सकाळी मी उठून पाहिलं तर ते रेल्वेचा कोट घालून तयार होते आणि काकीला हाताला धरून मोटारीकडे आणत होते. तिला त्यांनी मागच्या बाकावर बसवलं, पाय नीट आत घेतले, दार लावलं.

"हिला पयली ने," ते म्हणाले. "आन तुजा शेडातला डगला दे. त्यो रेल्वेचा हाय, परत द्याया पायजे."

मी डगला दिला. त्यांनी घडी घालून काखेत मारला.

मी निघालो; आबा पायीच मागून येत होते. वेशीबाहेरच्या चढावर काल बैलांनी तुडवलेला चिखल होता. चाकं जागच्या जागी फिरायला लागली. मी खाली उतरणार, तोच मागून आबांचा आवाज आला.

"उतरू नगंस. बँकर लागलाय. तू वड."

मी मागे वळून पाहिलं. डगला काकीच्या मांडीवर टाकून, कोटाच्या बाह्या सारून आबा मोटारीला खांदा लावून उभे होते. मोटार हलली, घसरली, पुन्हा हलली आणि चढ चढून गेली. वर पोचल्यावर मी थांबलो. ते धापा टाकत आले, काकीच्या मांडीवरचा डगला उचलला आणि मला म्हणाले, "जा आता."

मी त्यांना स्टेशनापर्यंत चला म्हणालो. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि ते स्टेशनाच्या पायवाटेला लागले. चढ संपला होता, आणि चढ संपला की आबा गाडीबरोबर पुढे जात नसत.