मळवलेलं इंजिन

नवा दात जुना करणं हे माझं पोटापाण्याचं काम होतं. गंगापूर रोडवर दातांच्या एका लॅबमध्ये मी कवळ्या आणि कॅप घडवायचे. माणसाचे बाकीचे दात चहा-तंबाखूने पिवळे पडलेले असतात. त्यांत एक पांढराशुभ्र बसवला, तर तो बोंब मारून सांगतो की मी खोटा आहे. म्हणून मुळाशी जरा तपकिरी, कडेला राखाडी, मधे एखादी बारीक चीर. नीट मळवला की दात खरा वाटतो. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचा सगळा घोळ ह्याच अकलेतून झाला.

सिंहस्थाच्या वर्षी, श्रावणात, बाबांना झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. बाबा मनमाडला वाफेच्या इंजिनावर ड्रायव्हर होते. वाफ बंद झाल्यावर विजेचं इंजिन शिकले, पण त्याला ते कधी इंजिन म्हणाले नाहीत, 'डबा' म्हणायचे. रिटायर झाल्यावर आम्ही नाशिकरोडला आलो, मग आई गेली, आणि घरात आम्ही दोघंच उरलो. हॉस्पिटलातून त्यांना घरी आणलं, तेव्हापासून व्यायाम करून घ्यायला एक डॉक्टर यायचे. ते बाबांच्या उजव्या तळहातावर रबरी चेंडू ठेवायचे आणि म्हणायचे, "धरा." चेंडू टपकन खाली. मी तो पलंगाखालून काढून आणायचे.

"दिवाळीपर्यंत बोटं धरायला लागली तर लागली," एक दिवस त्यांनी मला जिन्यात गाठून सांगितलं. "नाहीतर हात असाच राहील असं धरून चाला."

मी बरं म्हटलं आणि वर येऊन कुकर लावला.

तेव्हा माझं सगळं असंच चाललं होतं. रडू आलं नाही. काळजीसुद्धा धड वाटेना. भूल दिलेल्या हिरडीसारखी झाले होते. दाबलं तर दाबलेलं कळायचं, दुखायचं नाही. शेजारणी म्हणायच्या, पोरगी धीराची आहे हो. धीर कसला डोंबलाचा! मी सकाळी त्यांना पुसून, भरवून लॅबला जायचे, दुपारी शेजारच्या काकू बघायच्या, संध्याकाळी येऊन पुन्हा पुसायचं, भरवायचं. मधे बाबा पंख्याकडे बघत असायचे.

कपाटावर एक इंजिन होतं. हातभर लांब, पितळी पत्र्याचं, वर काळाभोर रंग, नाकावर चांदणी. मनमाडची वाफ बंद झाली तेव्हा शेडमधल्या एका फिटरने भंगारातून घडवून ते बाबांना दिलं होतं. आत खेळण्यातली मोटर होती, ती महिन्याभरात जळाली, आणि इंजिन कपाटावर जाऊन बसलं ते बसलंच. मला वाटलं, हे चालू झालं तर बाबा हात पुढे करतील. निदान चेंडूपेक्षा बरं.

जुन्या टेपरेकॉर्डरची मोटर काढून आत बसवली. अंगाने बारीक आणि चालीला शांत. दातेरी चाकं मेन रोडच्या एका घड्याळवाल्याने शोधून दिली. मागच्या कोळशाच्या डब्यात सेल लपवले, पुढच्या दिव्यात पिवळा एलईडी लावला, आणि पडद्याच्या दोन ॲल्युमिनियमच्या पट्ट्या रूळ म्हणून पलंगासमोरच्या टेबलावर ठोकल्या. चाकांचे दांडे असे सुरेख खालीवर व्हायला लागले की काय सांगू. बाबांनी इंजिन ह्या टोकापासून त्या टोकाला जाताना पाहिलं आणि पुन्हा पंख्याकडे बघायला लागले.

तेव्हा माझ्यातली दातवाली जागी झाली. हे खोटं दिसतंय, म्हटलं. इतकं कोरं इंजिन कुणी पाहिलंय? मी तरी नव्हतं पाहिलं. मनमाडच्या क्वार्टरमध्ये मला बाबा दिसायचे ते ड्यूटीवरून येताना. कानांत कोळशाची पूड, नखं काळी. आई कपडे सोड्याच्या पाण्यात वेगळे भिजवायची. कधी स्टेशनवर आईबरोबर गेलेच, तर इंजिन धापा टाकत आत यायचं, काजळलेलं, बॉयलरवर खाऱ्या पाण्याचे पांढरे ओघळ. माझ्या डोळ्यांसमोर ते तस्संच होतं.

एकवीस दिवस लागले. कोळसा वस्त्रगाळ करून टर्पेंटाइनमध्ये कालवला आणि चिमणीपासून मागे धुराच्या दिशेने ओढला. गंजाला गेरू. पांढऱ्या ओघळांना लॅबमधलं प्लास्टर, पातळ करून, एका केसाच्या ब्रशने वरून खाली. पायरीवर बुटाने रंग उडतो तसा उडवला. दांड्यांवर शिलाई मशिनचं तेल, त्यावर चिमूटभर धूळ. स्वतःच्या कामाचं कौतुक करू नये, पण माझ्या हातून तेवढं खरं काम पुन्हा झालं नाही.

तेवढ्यात घोटीहून आत्या आली, तांदळाची गोणी घेऊन. इंजिन बघून तिने कपाळावर हात मारला.

"आगं बया! चांगलं चकचकीत हुतं की! त्याला काय शेण फासलंस?"

"आत्या, खरं इंजिन असंच असतं."

"मला नको शिकवू. तू पाळण्यात हुतीस तवा मी राह्यलेय मनमाडला. इंजिन गाडीला लागायच्या आधी माझा दादा तासभर ते पुसत बसायचा. लोकं हसायची, नवरीला न्हाऊ घालतोय म्हणायची."

"तुला नाही कळायचं."

"बरं बाई. शहाणी तू," म्हणाली, आणि तांदूळ डब्यात ओतायला गेली.

ती गेल्यावर मी इंजिन बाबांसमोर धरलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं. चिमणी पाहिली, ओघळ पाहिले. मग तोंड भिंतीकडे फिरवलं. मला वाईट वाटायला हवं होतं. मी इंजिन टेबलावर ठेवलं आणि भाजी निवडायला बसले.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं पुजतात. बाबांची तेलाची झारी, पाना, हातोडी. माझी लॅबमधली कोरणी. त्याआधी सगळं रॉकेलने पुसायचं, आणि हे काम कायम बाबांचं. त्या वर्षी मीच त्यांना खुर्चीत बसवलं, शेजारच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, वाटीत रॉकेल ओतलं, जुन्या बनियनचे तुकडे ठेवले. इंजिनही तिथेच ठेवलं. तेही हत्यारच की. एवढ्यात खाली झेंडूवाली मावशी ओरडली. मी पिशवी घेऊन खाली गेले.

वर आले तर इंजिन बाबांच्या मांडीवर. डाव्या हातात बनियनचा बोळा. तो वाटीत बुडवायचा आणि घासायचं, बुडवायचा आणि घासायचं. चांदणी लखलखत होती. चिमणी काळीभोर. ओघळ, गेरू, काजळी, सगळं त्या बोळ्यात गेलं होतं.

"अहो बाबा! काय करून ठेवलंत हे! एकवीस दिवस खपलेय मी, एकवीस! दिसत नाही तुम्हाला?"

शेजारच्या काकूंचं दार उघडलं, इतकी ओरडले. हातातली पिशवी पडली, झेंडू घरभर झाले. मला राग आला होता. श्रावणापासून पहिल्यांदा मला काहीतरी आलं होतं.

बाबांनी मान वर केली. कामचुकार फायरमन सापडल्यावर बघावं तसं बघितलं, आणि हनुवटीने चाकांकडे खूण केली. तिथली घाण राहिली होती.

तेव्हा आत्या आठवली. बाबा ड्यूटीवर निघायचे तेव्हा मी झोपलेली असायचे. निघतानाचं इंजिन मी पाहिलेलंच नव्हतं, आणि बाबांना जे चकचकीत इंजिन माहीत होतं, त्यालाच मी शेण फासून त्यांच्यापुढे धरलं होतं.

"द्या इकडे," मी म्हटलं, अजून रागातच. पलीकडची बाजू त्यांच्या डाव्या हाताला येत नव्हती. मी एक बनियनचा तुकडा भिजवला आणि इंजिन फिरवून घ्यायला ओढलं. ते येईना. वाटलं, चाकात लुंगी अडकली. वाकून पाहिलं. कोळशाच्या डब्याला खालून उजव्या हाताची बोटं वळली होती. चारी बोटं, आणि वरून अंगठा.

मी पुन्हा ओढून पाहिलं. बाबांनी सोडलं नाही.