चार बोटं मोकळी जागा

ही गोष्ट आईला ठाऊक नाही. बाबांना नाही. आणि ज्याच्या हातावर ती कायमची उमटली आहे, त्या माझ्या भावाला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे – का, ते मलाही नीट कळत नाही. तुम्ही आमच्या गावचे नाही, एवढं मात्र खरं.

आधी माझं सांगते. आमच्या घरात पहिली पदवी माझी. बी.एस्सी., केमिस्ट्री. बाबा दुसऱ्याच्या आंब्याच्या बागेत राखण करायचे, आई काजूच्या कारखान्यात बिया सोलायची, आणि मी एसटीनं कॉलेजला जायचे. याचा मला अभिमान आहे. पुढचं सगळं सांगून झालं तरी तो राहील – तुम्हाला आवडो न आवडो.

दिगू माझा धाकटा भाऊ. बारावीला आपटला आणि गोव्याला गेला. तिथे पर्यटकांना बग्गीतून फिरवायचं काम शिकला. बग्गी म्हणजे ती चारचाकी, दोघं पुढे, दोघं मागे बसतात, दगडाधोंड्यांतून उड्या मारत जाते. काही वर्षांनी कर्ज काढून तसलीच एक जुनी बग्गी घेऊन तो घरी आला. मालवणला समुद्र बघायला येणाऱ्यांना आमच्या मागचा सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार, दाखवायचा – दगडांवरून, व्हाळाच्या पाण्यातून, थेट देवगडच्या बाजूला. कोण येणार असल्या उन्हात, असं मी म्हणाले होते. लोक आले. रांगा लावून आले.

माझी पदवी हातात आली तेव्हा बाबांनी कागद उलटसुलट करून पाहिला, ‘बरा झाला’ म्हणाले आणि बैलांना पाणी दाखवायला गेले. दिगूची बग्गी आली तेव्हा अंगणात वाडी जमली. नारळ ठेवला, काकांनी गाऱ्हाणं घातलं, म्हणजे सगळ्यांच्या वतीनं देवाला साकडं. माझ्या पदवीला नारळ नव्हता. हे मी मोजून ठेवलं होतं का? होय, ठेवलं होतं.

मी हायस्कुलात तासिकांवर शिकवायचे, जेवढे तास तेवढा पगार. पुढच्या वर्षी तासिका मिळाल्या नाहीत. तेव्हा दिगूच म्हणाला, “ताय, माझ्याकडे ये. फोन घी, बुकिंग बघ. तुझ्यासारखा बोलूक माका खंय येता?” प्रेमानं म्हणाला. तेच मला सोसलं नाही. कुत्सितपणे म्हणाला असता तर बरं झालं असतं.

बग्गी डांबरी रस्त्यावर न्यायची नाही, म्हणून पंपावर जाता येत नाही. लांबच्या फेरीला वरचं पेट्रोल बरोबर घ्यावं लागतं. ते कसं घ्यायचं, हे दिगूला शिकवलं मी. कॅन गाडीत ठेवून भरायचा नाही, जमिनीवर ठेवून भरायचा. इंजिन मागे असतं, तिथे त्याची धग लागते, म्हणून कॅन बाजूच्या चौकटीला आवळून बांधायचा, वर ओलं गोणपाट. ओतताना गाडी बंद, माणसं लांब. आणि कॅन गळ्यापर्यंत भरायचा नाही – वर चार बोटं जागा मोकळी. पेट्रोल तापलं की फुगतं, त्याला जागा लागते.

तो हे सगळं पर्यटकांना सांगायचा. माझंच वाक्य, पण त्याच्या तोंडी गेलं की त्याला पाय फुटायचे. “चार बोटां सोडूची लागतत, सायब, नायतर पेट्रोल सासूसारख्या फुगता.” लोक हसायचे, त्याच्या पाठीवर थाप मारायचे. मी पडवीत फोन घेऊन बसलेली. माझ्या वर्गात कधी कोणी असं हसलं होतं? मला आठवत नाही.

आता येते तिथे. किती फिरवलं तुम्हाला – पण सरळ जाववत नव्हतं.

दिवाळीनंतरची पहिली लांब फेरी होती. आमच्याकडे हंगामाची सुरुवात गाऱ्हाण्याशिवाय होत नाही. दिगूनं कॅन भरला, नीट, चार बोटं सोडून, आणि पाहुण्यांना आणायला गेला. आई अंगणात गाडीसमोर शेणाचा सडा घालत होती. वाटेतला कॅन तिनं सरकवला तेव्हा आतून डुबुक-डुबुक आवाज आला. आई थांबली. शुभाच्या कामाला उणं भांडं बाहेर काढायचं नाही – तांदळाचं माप असो, पाण्याची कळशी असो, शिगोशीग हवी. हे तिच्या रक्तात आहे.

“उणो कॅन गाऱ्हाण्याक ठेवतत काय गो?” ती म्हणाली. तिनं माळ्याखालची उरलेल्या पेट्रोलची बाटली आणली, नरसाळं लावलं, आणि काठोकाठ भरून झाकण घट्ट फिरवलं. मग कॅनला हळदकुंकू लावलं.

मी तिच्यापासून हातभर अंतरावर उभी होते.

काय वाटलं तेव्हा? स्फोट व्हावा असं नाही वाटलं. पण झाकण उघडताना दिगूच्या अंगावर उडावं, त्या हसणाऱ्या लोकांसमोर त्याची फजिती व्हावी, संध्याकाळी येऊन त्यानं विचारावं, “ताय, असा कसा झाला?” – एवढं वाटलं. एकदा तरी मला विचारावं लागावं. तोंड उघडायला किती वेळ लागतो?

दिगू पाहुण्यांना घेऊन आला आणि काका गाऱ्हाणं घालू लागले. “बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान हयो धंदो केलो हा, तेका येश दी रे म्हाराजा.” सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. “वाटेत काय आडवा-तिडवा इला, घरच्या-दारच्या कोणाच्या मनात काय वाकडा इला, तर ता बाजूक कर रे म्हाराजा.”

व्हय म्हाराजा, मी म्हणाले. माझा आवाज सगळ्यांत मोठा होता.

दुपारी सड्यावर त्यानं गाडी थांबवली. पाहुण्यांना माझ्याच नियमाप्रमाणे लांब, सावलीत उभं केलं, म्हणून त्यांना ओरखडाही आला नाही. मग झाकण फिरवलं. तापून फुगलेलं पेट्रोल फवाऱ्यासारखं उडालं – त्याच्या हातांवर आणि मागच्या इंजिनाच्या तापलेल्या नळीवर. भडका उडाला.

इस्पितळात काका माझ्याकडे वळले. “तू शिकलेली मा गो? तुका कळूक नाय?”

यावर मी गप्प राहू शकले असते. रडू शकले असते. पण ‘शिकलेली’ हा शब्द त्यांनी असा उच्चारला, की मी म्हणाले, “मी सांगितलं होतं त्याला, इतका भरू नको म्हणून. त्यानं ऐकलं नाही.”

आई शेजारीच होती. कॅन आपण भरला, याचा या सगळ्याशी काही संबंध आहे हे तिला कळलंही नाही. आणि खाटेवर, कोपरापर्यंत पट्ट्यांत गुंडाळलेला दिगू हळूच म्हणाला, “व्हय. तायन सांगलेला. माझाच ध्यान रवाक नाय.”

त्यानं ते खरंच मानलं. मी म्हणाले म्हणून.

आता तो पुन्हा फेऱ्या काढतो. डाव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत. निघण्याआधी तो बाही वर करतो, पाहुण्यांना तो हात दाखवतो आणि सांगतो, “माझ्या तायन सांगलेला, चार बोटां सोड. मी मूर्ख, ऐकूक नाय.” मग सगळे वळून पडवीत बसलेल्या माझ्याकडे आदरानं बघतात. मला हवं होतं ते हेच.

तरी मत्सर गेलेला नाही. न केलेली चूक तो रोज, परक्या माणसांसमोर, हसत कबूल करतो. त्याचाही मला हेवा वाटतो.

उद्या सकाळी फेरी आहे. कॅन मीच भरते आता. आई तो उचलते, आतून डुबुक-डुबुक वाजतं, आणि ती दर वेळी विचारते, “गो, उणोच ठेवलंस?”

मी हो म्हणते.