तात्यांची टाळी

एक कबुली द्यायचीय. थांबा, आधीच सांगतो. 'कबुली' म्हटलं आणि तुम्ही मनात एक पोरगी उभी केलीत. बरोबर ना? नाहीतर परीक्षेतली कॉपी. नाही हो. पोरगी असती तर मी गावभर सांगितलं असतं, आणि कॉपी अख्ख्या वर्गाने केली होती, त्यात माझं एकट्याचं काय कौतुक! आणि वसई-विरारला कुणाच्या हळदीला किंवा सोसायटीच्या गणपतीत तुम्ही मला पाहिलं असेल — माईक हातात, लोकांचे आवाज काढणारा तो मीच — तर तुम्हाला वाटेल, हा आता फिरवून फिरवून शेवटी हसवणार.

नाही हसवणार. मध्ये कुठे हसलात तर माझा इलाज नाही, मला बोलायची सवयच तशी आहे. पण हे मी आईला सांगितलेलं नाही. मित्रांना नाही. प्यायला बसल्यावर मी काय काय बडबडतो, पण त्यातही हे कधी तोंडातून निघालं नाही. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. तुमचं तोंड मला दिसत नाही, म्हणून असेल.

आम्ही वसई पूर्वेला राहायचो, गाळ्यांच्या मागच्या चाळीत. एका बाजूला आमची दारं, दुसऱ्या बाजूला छोट्या कारखान्यांची रांग, मध्ये एक गटार. आमच्या दारासमोरचा गाळा बिजागऱ्यांचा. पावरप्रेस चालायचे — ढब्ब-च्यॅक, ढब्ब-च्यॅक — दिवसभर. तुम्हाला त्रास झाला असता. आम्हाला तो बंद पडला की झोपेतून जाग यायची. चपलेच्या तळव्यात लोखंडाचा कीस रुतलेला असायचा. आम्ही पोरं सुतळीला लोहचुंबक बांधून रस्त्यावरून ओढत न्यायचो आणि कुणाच्या चुंबकाला जास्त दाढी आली यावर भांडायचो. वाकडी निघालेली बिजागरी म्हणजे आमचं फुलपाखरू. आज तिथे ऑनलाइन मागवलेल्या पार्सलांची गोदामं आहेत, चाळीच्या जागी टॉवर आहे, आणि टॉवरच्या गेटवर मला नाव विचारतात. मीही विचारणाऱ्याच्याच आवाजात सांगतो. असो.

बघा, मी पळतोय. आवाजांवरून आवाजांवर.

मला लहानपणापासून हेच यायचं. पाचूबंदरहून मासळीची टोपली घेऊन येणारी मावशी — "घ्यायचा नाय तर हात कशाला लावतेस गो? पानी सुटलाय त्याला आता!" — ती मी दाराआडून काढली की आई पिशवी घेऊन बाहेर यायची. समोरच्या गाळ्याच्या शेठची शिंक काढायचो. आणि माझा सगळ्यात भारी आयटम — नाक्यावरच्या मोठ्या कारखान्याचा भोंगा. दोन्ही हात तोंडापुढे धरून असा काढायचो की पाळी संपली समजून माणसं हात पुसायला लागायची. शिव्या खाल्ल्या त्यासाठी. आवडीने खाल्ल्या.

मला 'रेडिओ' हे नाव तात्यांनी ठेवलं.

तात्या आमच्या शेजारच्या खोलीत राहायचे, ते आणि काकू. बिजागऱ्यांच्या गाळ्यात ते डाय बसवायचे. डाय म्हणजे प्रेसमध्ये घालायचा साचा. तो केसभर तिरका बसला तर हजार बिजागऱ्या भंगारात. तात्यांचा कधी बसला नाही. त्यांची एक पद्धत होती — प्रेस चालू झाला की त्याच्या अंगावर उजवा तळवा ठेवायचे, गाईच्या पाठीवर ठेवावा तसा, आणि डोळे मिटायचे. मग सांगायचे, डावीकडचा बोल्ट ढिला आहे. असायचाच. पंचवीस वर्षांत त्यांच्या प्रेसवर कुणाचं नखसुद्धा गेलं नव्हतं. बाजूच्या गाळ्यांत बोटं मोजायला घेतली तर कमी भरायची.

सगळ्या चाळीचे आवाज मला यायचे, तात्यांचा येत नव्हता. आवाज यायचा हो, पण माणूस येत नव्हता. आम्हा नकला करणाऱ्यांचं एक असतं — प्रत्येक माणसाची एक चावी असते. कुणाची मान, कुणाचा खोकला, कुणी वाक्य संपवताना भुवया उडवतो. ती चावी सापडली की माणूस आपोआप अंगात शिरतो. तात्यांची सापडेना. ते जरा मोठ्याने बोलायचे, पण प्रेसवरचे सगळेच मोठ्याने बोलायचे.

दहावीत होतो. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत माणसं गाळ्याबाहेर डबे खात बसली होती. मी मागून भोंगा काढला. सगळ्यांच्या माना वर झाल्या. तात्यांची झाली नाही. तात्यांनी आधी बाजूच्याचा चेहरा बघितला — तो उठताना बघितला — आणि मग स्वतः उठले.

तुम्ही म्हणाल, एवढंसं? मला एवढंसं पुरतं. तेवढ्यावरच तर माझं पोट आहे आज.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या ओट्यावर दाढी करत होते. मी समोर जाऊन उभा राहिलो आणि नुसते ओठ हलवले. आवाज अजिबात नाही. "तात्या, उद्या सुट्टी आहे का?"

"कसली सुट्टी रे रेडिओ? दसऱ्याआधी माल जायचाय!"

मग ते तोंड धुवायला वळले. मी त्यांच्या पाठीमागून, हाताच्या अंतरावरून, मोठ्याने हाक मारली. ते शांतपणे चेहऱ्यावर पाणी मारत राहिले.

आता इथे मला खोटं बोलता येईल. मला वाईट वाटलं, असं लिहिता येईल. नाही वाटलं. मला आनंद झाला! चावी सापडली होती ना. हा माणूस काहीच ऐकत नाही, सगळं तोंडावरून वाचतो — हनुवटी जरा पुढे, डोळे समोरच्याच्या ओठांवर, आणि कळलं नाही की 'चालतंय, चालतंय'. आणि हेही मला तेव्हाच कळलं — कळलं नव्हतं असं म्हणू देऊ नका मला — की हे ते लपवतायत. प्रेसवर बहिरा माणूस ठेवत नाहीत. साचा बसवताना एकाचा हात प्रेसखाली असतो, दुसरा ओरडतो 'हात काढ'. ओरडलेलं ऐकू न येणाऱ्याला शेठ एक दिवस ठेवणार नाही, हे चाळीतलं शेंबडं पोरगंही सांगेल. मी तर दहावीत होतो.

पंधरा दिवसांनी खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे यंत्रांची पूजा. आदल्या दिवशी प्रेस रॉकेलने पुसून काढायचे, मग हळद-कुंकू, झेंडूचे हार, वर लिंबू. वर्षातून तेवढ्या दिवशी बायका-पोरांना गाळ्यात यायला मिळायचं. काकू नवी साडी नेसून आल्या होत्या आणि तात्या त्यांना आपला प्रेस दाखवत होते. हा बघ, हा माझा. काकूंनी त्यालाही हळद-कुंकू वाहिलं आणि मग नमस्कार केला. नारळ फुटला. शेठ म्हणाला, "रेडिओ, चालू हो!"

मला खोक्यावर चढवलं. दोन प्रेसच्या मध्ये. शेठची शिंक झाली, वॉचमन झाला, मावशी झाली. माणसं लोळत होती. अशा वेळी काय होतं माहितीये? पोट भरत नाही. अजून एक हसू पाहिजे असतं. मी तात्यांकडे बघितलं. ते पहिल्या रांगेत होते, माझ्या ओठांवर डोळे लावून, सगळ्यांत जास्त खूश.

आणि मी तात्या काढले.

एका अंगाने मी कुणीतरी झालो — नुसते ओठ हलवणारा. दुसऱ्या अंगाने तात्या झालो — हनुवटी पुढे, खणखणीत उत्तर. मग त्या कुणीतरीने तात्यांच्या पाठीमागे जाऊन बोंब मारली, आणि माझे तात्या आपले प्रेस पुसतायत. पुसतायत. 'चालतंय, चालतंय!'

गाळा फुटला. एवढं हसू मला पुन्हा कधी मिळालं नाही. आधी माणसं ती हनुवटी ओळखून हसली. मग एकेकाला दुसरंही कळत गेलं. एकेक हसू विझत गेलं — तुम्ही कधी वरून पाहिलंय हे, खोक्यावर उभं राहून? शेठ हातात पेढ्यांचा बॉक्स घेऊन तात्यांच्या मागे जाऊन उभा राहिला. नेहमीच्या आवाजात म्हणाला, "तात्या, पेढा घ्या."

मग जरा मोठ्याने म्हणाला.

सगळे गप्प झाले होते. आणि त्या शांततेत एकच माणूस टाळ्या वाजवत होता. माझ्याकडे बघत, तोंडभर हसत. तात्या. मग त्यांनी माझा चेहरा वाचला, आणि मागे वळले.

दिवाळीपर्यंत त्यांना पॅकिंगच्या टेबलावर बसवलं. दिवाळीनंतर तेही नाही. शेठ वाईट नव्हता, उद्या कुणाचा हात गेला तर, असं म्हणाला. चाळीतही काही जण हळूच म्हणाले, बरंच झालं. या वाक्याचा मी नंतर उशीसारखा वापर केला. पण तात्यांच्या तळव्याला जे कळायचं ते तिथे कुणाच्या कानाला कळत नव्हतं, हे मला माहीत होतं. बाकीच्यांपेक्षा जास्त माहीत होतं.

पण माझी खरी गोष्ट ही नाही. म्हणजे, ही सगळ्यांनी पाहिली. लपवलंय ते पुढचं.

चाळीने मला धुतला. बायका नळावर आईशी बोलेनात. एका संध्याकाळी तात्या आमच्या दारात आले. आई रडायलाच लागली. तर हे तिला म्हणतात, "वहिनी, पोराला बोलू नका. त्याने गंमत केली. त्याला काय माहीत?" मग माझ्यासमोर बसले, जमिनीवर, अगदी जवळ. "तुला ठाऊक होतं का रे?"

मी म्हणालो, "नाही."

आवाज फाटला होता माझा. मलाच ऐकू आला तो फाटलेला. कुणीही ओळखलं असतं. पण त्यांच्यापर्यंत आवाज कुठे पोचणार होता? त्यांना फक्त ओठ दिसले, आणि ओठांवर स्वच्छ 'नाही' होतं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तोच, उजवा तळवा. थोडा वेळ तसाच ठेवला — मला वाटलं, आता सांगतील, डावीकडे काहीतरी ढिलं आहे.

नाही सांगितलं. उठले, आणि चाळभर सांगत सुटले, पोराला माहीत नव्हतं.

पुढे गाळा बंद पडला, चाळ पडली, सगळे पांगले. यंदाच्या गणपतीत विरारला मनवेलपाड्यात एका बिल्डिंगचा कार्यक्रम होता. मी स्टेजवर, आणि पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर तात्या. पांढरे झालेले. हनुवटी पुढे. प्रत्येक आयटमला टाळ्या वाजवत होते — बाजूच्याकडे बघून, अर्धा क्षण उशिरा. मी शेवटचे दोन आयटम खाल्ले आणि उतरलो.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. त्याच बिल्डिंगमध्ये, तिसरा मजला. काकूंनी चहा ठेवला. "रेडिओ आला गं!" — तात्या अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असे ओरडले. मी सोफ्याच्या कडेला बसलो आणि सांगून टाकलं. भोंगा, दाढी, नुसते हललेले ओठ, ते 'नाही'. सगळं. फरशीकडे बघून.

वर बघितलं तर तात्या काकूंना विचारत होते, "काय पुटपुटतोय हा?"

काकूंच्या हातात ट्रे तसाच होता. त्यांनी ऐकलं होतं. म्हणाल्या, "मी नाही सांगणार. तू सांग. त्यांना तोंड दिसेल असं."

मान वर करून पुन्हा सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाचाही आवाज न काढता बोललो, आणि माझा स्वतःचा फार बारीक निघाला. तात्या ओठ वाचत होते. मध्ये एकदा 'चालतंय' म्हणतील असं वाटलं. नाही म्हणाले.

मग सुरू झाले. सगळ्या मजल्याला ऐकू गेलं. बाजूचं दार उघडलेलं मला कळलं.

"नोकरीचं मला सांगू नकोस! गाळा बंदच पडणार होता. मी चाळीशी भांडलो तुझ्यासाठी. हिच्याशी भांडलो. ही म्हणत होती, त्याला माहीत होतं. चार दिवस बोललो नाही मी हिच्याशी! तुला खरं मानलं आणि हिला खोटं पाडलं, इतकी वर्षं. आणि आज आलास तर काय, बहिऱ्यासमोर खाली मान घालून बोलतोस? बोलून मोकळा व्हायला? कळणार नाही मला, म्हणून? पंधरा वर्षांचा होतास तेव्हा निदान ओठ तरी दाखवलेस! काय बघतोस तिकडे? तिकडे काय आहे? वर. वर बघ. खाली बघायचं नाही. माझं बोलून झालेलं नाही अजून."