तेगवेनच्या चंद्रावर पाऊस

ब्लायनाय या आमच्या खाणींच्या गावातल्या निम्म्या लोकांच्या नाकांची मापं तेगवेन प्रिचर्डला तोंडपाठ आहेत. गावातल्या एकुलत्या एक चष्म्याच्या दुकानात ती लग्नाआधीपासून काम करते. पुढे नवरा गेला, मुलगी कार्डिफला जाऊन तिथलीच झाली, तरी सकाळी दुकानाचं शटर वर करायला तेगवेन हजरच. मी, दिलिस, त्याच दुकानात पुढच्या टेबलावर बसून लोकांना डोळे तपासायच्या वेळा देते. त्यामुळे तिच्या सिनेमाची बातमी सगळ्यांत आधी मला कळली.

फेब्रुवारीतली मरगळलेली दुपार होती. दुकानात चिटपाखरू नव्हतं. काचा पुसता पुसता तेगवेन म्हणाली, "दिलिस, तुला शिवण येतं ना?"

"येतं. का गं?"

"अंतराळात घालायचा पोशाख शिवून हवाय."

मी मान वर करून पाहिलं. ती चेष्टा करत नव्हती.

तिला हे वेड लहानपणापासूनचं. फिरत्या वाचनालयाची गाडी आली की बाकीच्या मुली प्रेमकथा उचलायच्या आणि ही ग्रह, यानं, परग्रहावरची माणसं. आई चिडायची, "या पुस्तकांतलं एकही माणूस कधी भांडी घासताना दिसत नाही!" मग दोन हिवाळ्यांपूर्वी सभागृहात सिनेमा शिकवायचा वर्ग निघाला. चहाबिस्किटं संपली तसे लोक गळाले, तेगवेन मात्र शेवटपर्यंत टिकली. वर्ग घेणारी नॉन तिला म्हणाली, "तुम्ही लिहा, कॅमेरा मी धरते." वेल्श भाषेतल्या छोट्या सिनेमांसाठी पैशांची मदत मिळते असं कळल्यावर तेगवेनने अर्ज केला आणि मदत मिळालीसुद्धा. ती किती होती, हे तिचा धाकटा भाऊ बेरविन याने एका वाक्यात सांगितलं. "यात यानाचं दार येईल. यान नाही."

बेरविन छोट्या रेल्वेच्या कारखान्यात इंजिनं दुरुस्त करायचा. आता निवृत्त होऊन तो घरी होता आणि सकाळपासून काय करायचं या विवंचनेत असायचा. तेगवेनने सगळी तयारी त्याच्या गळ्यात घातली. त्याने लगेच लाल पेन्सिल घेतली, तिच्या स्वयंपाकघरात ठाण मांडलं आणि कथा वाचायला सुरुवात केली. मी तिथेच बाह्यांची मापं लिहून घेत होते.

"हे बघ, तिसरं पान. यान डोंगरावर आदळतं आणि पेट घेतं."

"हो."

"कुठलं यान?"

"बनवायचं की!"

"आणि डोंगर?"

"डोंगर आहेच."

"वा, म्हणजे अर्धं काम झालंच." त्याने पानावर आडवी रेघ ओढली. "पुढे. चार यंत्रमानव नाचत येतात. नाचत?"

"नाचत नाही रे, हळूहळू."

"हळूहळू आले तरी चार पोशाख लागतील. दिलिसकडे बघ, ती आत्ताच पांढरी पडलीय."

तेगवेनने पानं गोळा केली आणि आम्हा दोघांना घराबाहेर काढलं. बेरविन रस्त्यावर उभा राहून म्हणाला, "माझी टोपी आत राहिली." मी म्हटलं, "राहू दे."

पुढच्या रविवारी चॅपेलमधली प्रार्थना सुटल्यावर ती आपणहून त्याच्याजवळ आली. "यान दिसणार नाही. नुसता आवाज येईल. कथेतल्या बाईचा चेहरा दिसेल, वर बघणारा. तिच्या चेहऱ्यावरून कळेल की यान उतरलं."

बेरविनने तिच्याकडे वळून विचारलं, "हे कुणी सुचवलं तुला?"

"तुझ्या लाल पेन्सिलीने, मेल्या. आणि ही घे तुझी टोपी."

तिथून कथा आटत गेली आणि आटता आटता चांगली होत गेली. उरलं ते एवढंच: दूरच्या एका चंद्रावर एक दुरुस्ती केंद्र आहे. तिथे एक बाई वर्षानुवर्षं एकटी राहून येणाऱ्या-जाणाऱ्या यानांसाठी दिवा चालू ठेवते. एके दिवशी तिला घरी न्यायला यान येतं. बस्स. तेगवेनने प्रत्येक प्रसंगाचं चित्र डोळे तपासायच्या जुन्या तक्त्यांच्या पाठीवर काढलं. चित्र उलटलं की मागे मोठ्ठं अक्षर यायचं आणि नॉन हटकून ते मोठ्याने वाचायची.

चंद्रासाठी लांब जायची गरज नव्हती. गावावर खाणींच्या टाकाऊ पाटीच्या दगडांचे ढिगारे उभेच आहेत. त्यातले सगळ्यांत उंच, सगळ्यांत उजाड ढिगारे इदवाल रॉबर्ट्स यांच्या कुरणाला लागून. इदवाल मेंढ्या पाळतात आणि चॅपेलच्या किल्ल्या सांभाळतात. आम्ही परवानगी मागायला गेलो तेव्हा ते फाटक दुरुस्त करत होते.

"चंद्र?" त्यांनी हातोडी खाली ठेवली.

"हो ना. तुमचे वरचे ढिगारे अगदी चंद्रासारखे दिसतात," तेगवेन म्हणाली.

"जन्म गेला माझा तिथे. कुणी बोललं नाही मला." ते थोडा वेळ वर बघत राहिले. "चंद्रावर मेंढ्या चालतील?"

"नाही हो."

"मग मेंढ्यांना तुम्हीच सांगा. माझं त्या ऐकत नाहीत."

परवानगी दिली, पण एका अटीवर. ढिगाऱ्यावर कुणी चढायचं नाही, कारण ओला दगड घसरतो आणि माणसाला बरोबर घेऊन जातो. ते स्वतः कुत्र्याला घेऊन हजर राहणार होते.

शिरस्त्राणाची कथा वेगळीच. बेरविनने स्टेशनातल्या जुन्या दिव्याचा काचेसारखा प्लॅस्टिकचा गोल आणून कापला. घातल्याबरोबर आत श्वासाचं धुकं. तेगवेनने दुकानातलं चष्म्याचं फडकं फिरवलं, धुकं गेलं. मग कळलं की त्या काचेत आम्ही सगळेच दिसतोय: नॉन, कॅमेरा, सॅंडविच खाणारा बेरविन, दातांत दोरा धरलेली मी. शेवटी काचच काढून टाकली.

"त्या चंद्रावर हवा आहे," तेगवेनने जाहीर केलं.

"आपल्या सोयीची हवा," बेरविन म्हणाला आणि तसं लिहून ठेवलं.

सगळं जुळत आलं आणि लोवरीचा फोन आला. लोवरी आमची नायिका, बॅंगोरला नाटक शिकलेली, फार गोड मुलगी. तिला मालिकेत काम मिळालं होतं, तेही आमच्या चित्रीकरणाच्याच दिवसांत. तेगवेन फोनवर म्हणाली, "अगं, जा, जा! अशी संधी सोडायची नसते." फोन ठेवला आणि डोळे तपासायच्या अंधाऱ्या खोलीत जाऊन बसली. मी चहा घेऊन गेले.

"माझंच चुकलं, दिलिस. या वयात लोक बागकाम करतात."

"तुझ्या बागेत गोगलगायीसुद्धा राहत नाहीत."

ती हसली नाही. मी विचारलं, "उद्याचं वाचन रद्द करू?"

"नको. चॅपेलमागची खोली सांगून ठेवलीय, बारा ब्रीथचा मनुकांचा पाव भाजून झालाय. निदान सिनेमा किती लांबीचा होतो ते तरी कळेल."

दुसऱ्या दिवशी खोली उघडायला इदवाल आले आणि शेकोटीजवळ टेकले. बाईचं काम वाचायला कुणी नव्हतं. बेरविन यानातल्या माणसाचं वाचणार होता, मी घड्याळ धरणार होते, नॉनची लिहून घ्यायची गडबड. तेगवेन म्हणाली, "इदवाल, तुम्ही वाचता का? नुसतं वाचायचं. वेळ मोजायचीय."

इदवालनी चष्मा लावला आणि चॅपेलच्या सूचना वाचाव्यात तसं सुरू केलं. सपाट, एकसुरी. बेरविन माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होता. मग यानातून हाक येते ती जागा आली.

"दुरुस्ती केंद्र, ऐकू येतंय का?" बेरविनने वाचलं.

इदवालना म्हणायचं होतं, "येतंय." ते बोललेच नाहीत. त्यांनी कागदाकडे पाहिलं, मग दाराकडे. मला वाटलं, ओळ हरवली. बेरविनने पुन्हा विचारायला तोंड उघडलं, तेगवेनने हातानेच त्याला थांबवलं. शेकोटीत कोळसा सरकला. मग इदवाल अगदी हळू म्हणाले, "येतंय."

वाचन संपल्यावर ते म्हणाले, "पोरी, एक विचारू? यान आल्यावर ही बाई दारात का धावते?"

"का? तुम्ही काय केलं असतं?"

"आधी घर आवरलं असतं. आमची ही, मेगान, गेल्यापासून कुणी यायचं म्हटलं की मला तेच सुचतं. खुर्चीवर कपडे पडलेले असतात ना."

तेगवेनने बेरविनची लाल पेन्सिल ओढून घेतली आणि धावण्याचा प्रसंग स्वतःच्या हाताने खोडला. मग विचारलं, "इदवाल, चित्रीकरणाच्या शनिवारी-रविवारी काय करताय?"

"रविवारी चॅपेल."

"चॅपेलनंतर?"

त्यांना आता उमगलं. "छे छे. मला नाटक येत नाही."

"ते आम्हाला ऐकू आलं. पण तुम्ही थांबता फार छान."

"मी बाईचे कपडे घालणार नाही."

"दिलिस उसवून देईल."

मी दोन रात्री तो पोशाख उसवला. इदवालचे खांदे म्हणजे फाटकाचे खांब आहेत.

आता राहिला पाऊस. बेरविनने भिंतीवर मोठा तक्ता लावला होता. बाहेरचे प्रसंग कोरड्या दिवशी, पाऊस आला तर राखीव दिवस, राखीव दिवशी आला तर आणखी एक राखीव. ब्लायनायमध्ये असा तक्ता करायला माणूस भाबडा तरी हवा नाहीतर हट्टी. हवामानाचा अंदाज रोज सारखाच, आणि त्याचा चेहरा रोज जास्त लांब. शेवटी आम्ही रंगीत तालमीला तसेच वर गेलो. पाऊस होताच, धो धो नाही, आमचा नेहमीचाच, बारीक, अंगाला चिकटणारा. दगड काळे होऊन चमकत होते. इदवाल पोशाख घालून ढिगाऱ्याच्या पायथ्याशी उभे होते आणि जाड हातमोज्याने चेहऱ्यावरचं पाणी निपटत होते. नॉन कॅमेऱ्यातून बघत होती. ती मुकाट्याने बाजूला झाली आणि तिने तेगवेनला बघायला लावलं.

तेगवेन बराच वेळ वाकून बघत राहिली.

"चंद्रावर पाऊस पडत नाही," बेरविन मागून म्हणाला.

"कुठल्या चंद्रावर?"

"कुठल्या काय? आपल्या सिनेमातल्या."

"आपला आहे ना? मग पडतो. रोज पडतो."

 बेरविनने खिशातून तक्त्याची घडी केलेली नक्कल काढली, राखीव दिवसांवर एकेक करून काट मारली, आणि मला शपथेवर सांगता येईल की तो शीळ घालायला लागला.

चित्रीकरण झालं. इदवालच्या एका मेंढीने मधे येऊन खोकून घेतलं, बाकी ठरल्याप्रमाणे. शरदात सभागृहात सिनेमा दाखवला तेव्हा बसायला जागा नव्हती. इदवाल शेवटच्या बाकावर टोपी गुडघ्यावर ठेवून बसले आणि पडद्यावर स्वतःचा चेहरा आला की बुटांकडे बघायचे. पडद्यावरचा म्हातारा मात्र खुर्चीवरचे कपडे उचलत होता, टेबल पुसत होता, दार उघडण्याआधी केस नीट करत होता, आणि सभागृहात कुणी कागदही वाजवत नव्हतं.

चहाच्या वेळी भांडणच लागलं. तो यानात बसून गेला की तिथेच राहिला? खाटीक म्हणाला गेला, त्याची बायको म्हणाली मुळीच नाही. लोक इदवालकडे धावले.

"मला नका विचारू," ते म्हणाले. "मी तेव्हा पार भिजलो होतो."

मग सगळे तेगवेनकडे वळले. तिचे गाल लाल झाले होते, हातात बारा ब्रीथचा लोणी लावलेला तुकडा होता. "तुम्ही बोला ना, बोला," ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून ऐकत बसली.