फ्रीजरमधली डिस्क

ही घटना माझ्या नोकरीतली नाही, कुठल्या ठाण्याच्या दफ्तरात तिची नोंद नाही. तरी नोकरीत पाहिलेल्या खून-दरोड्यांपेक्षा मला आज तीच जास्त आठवते.

मी सातवी नापास. शिपाई म्हणून लागलो, सहायक फौजदार म्हणून उतरलो. जबाब घेण्यात माझा हात धरणारा ठाण्यात कुणी नव्हता, हे फुशारकी म्हणून नाही, खरं म्हणून सांगतो. निवृत्त झाल्यावर मुलाकडं जर्मनीत राहायला गेलो. झिंडेलफिंगेन गावात तो मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. दोन हजार सालानंतरचे दिवस, माणसाचा आवाज खिशातल्या फोनात जपून ठेवायची सोय अजून घरोघरी आली नव्हती.

आमच्या वरच्या मजल्यावर मुलाच्याच कारखान्यातला एक मराठी इंजिनिअर राहायचा. नागपूरकडचा, बौद्ध घरातला. नावं मी कुणाचीच घेणार नाही. त्याची बायको आदल्या वर्षी आजारानं गेली. मागं सात वर्षांची मुलगी. तिला सांभाळायला त्याच्या सासूबाई गावाहून आल्या होत्या. मुलीला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्ये द्यायची. आई गेल्यापासून तेही कमी झालं होतं.

एका रविवारी तो खाली आला. डोळे लाल.

"काका, तुम्ही पोलिसात होतात ना? वर या. मला पोरीकडून खरं काढून हवंय."

मुलगा मला बजावत होता, "बाबा, हे तुमचं ठाणं नाही." मी चपला घातल्या आणि वर गेलो. खबर मिळाल्यावर घरी बसणाऱ्यातला मी नाही.

हकिकत अशी. त्याच्या कॉम्प्युटरातली हार्ड डिस्क मरायला टेकली होती. टकटक वाजायची आणि बंद पडायची. तिच्यात त्याच्या बायकोचं एकच रेकॉर्डिंग होतं. संध्याकाळची वंदना ती लेकीला शिकवत होती. मध्येच पोर चुकायची, ती रागवायची, मग दोघी हसायच्या. बाकी फोटो होते, पण आवाज तेवढाच.

आता डिस्क थंडगार केली तर मरता मरता थोडा वेळ चालते, तेवढ्यात आतलं उतरवून घ्यायचं, असं त्यानं इंटरनेटवर वाचलं होतं. मला ते पटलं. मरणाऱ्या माणसाचा जबाब आम्ही तसाच घेतो. शुद्धीवर आला की कामाचं तेवढं विचारायचं, पुन्हा संधी नाही. त्यानं डिस्क नव्या कोऱ्या पिशवीत घातली, तोंड घट्ट बंद केलं, फ्रीजरमध्ये ठेवली आणि शिफ्टला गेला. परत येऊन घाईघाईनं काढून जोडली तर टकटकसुद्धा नाही. दुकानात नेली. दुकानदारानं खालची पट्टी काढून दाखवली. आत पाणी. त्याचा बर्फ झाला, मग वितळला. आता काही होणार नाही म्हणाला.

"मी कोरडी ठेवली होती, काका. आल्झो, म्हणजे, पाणी आलं कुठून? घरात एकच पोर आहे. तिनंच काढून बघितली असणार. विचारलं तर बोलत नाही."

पोर कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. गालावर बोटं उमटलेली.

मी तिच्याजवळ जमिनीवर बसलो. गुडघे दुखतात, तरी बसलो. जबाब देणाऱ्याच्या डोक्यावर कधी उभं राहू नये.

"बाळा, तू फ्रीज उघडलास?"

मान हलली. नाही.

"डिस्कला काय झालं?"

"काप्पुट," ती म्हणाली. मोडली. मग जर्मनमध्ये हळूच काहीतरी बोलली.

"काय म्हणते?" मी बापाला विचारलं.

त्यानं तोंड फिरवलं. "विचारते, आई आता परत बोलणारच नाही का."

खोटं बोलणारा स्वतःबद्दल बोलतो. मी नव्हतो तिथं, मी हात लावला नाही, असं. या पोरीला स्वतःचं काही पडलंच नव्हतं. मी तिथंच तिला मनातून सोडून दिलं. पण बापाच्या मनातून तिला सोडवायचं तर कुणीतरी सापडायला हवं होतं.

"मुद्देमाल दाखव," मी म्हटलं.

त्यानं डिस्क दिली. मी म्हटलं, "ही नाही. पिशवी." त्यानं ती कचऱ्यातून शोधून आणली. मी उजेडात धरली. तळाच्या कोपऱ्यात पिवळट डाग होता. हळदीचा. नव्या कोऱ्या पिशवीला हळद कशी लागेल?

मी पिशवी घडी करून खिशात घातली. पंचांसमोर पुरावा दाखवायचा असतो, पण इथं आपलं मन नको म्हणालं.

दुसऱ्या दिवशी तो कामाला आणि पोर शाळेत गेल्यावर मी वर गेलो. सासूबाई भाजी निवडत होत्या. बाल्कनीच्या दोरीवर प्लास्टिकच्या पिशव्या चिमटे लावून वाळत घातलेल्या. मटाराच्या, माशाच्या, कोथिंबिरीच्या. धुऊन पुन्हा वापरायच्या. आपल्या घरोघरी हेच चालतं. तिथं खालची जर्मन बाई वर बघून हसायची.

"या भाऊ, चहा टाकू का?"

"टाका, ताई. तुमच्या पिशव्या तर कपड्यांपेक्षा जास्त दिसतात."

"मग? चांगली पिशवी कोण फेकून देतं? इथले लोक तर माणूससुद्धा एकदाच वापरतात."

मी हसलो. मग चहा पिता पिता, कपाकडं बघत विचारलं, "ताई, ती डिस्क तुम्ही पाहिली होती का हो?"

"पाहिली ना. जावयानं इतक्या पातळ पिशवीत ठेवली होती, बापा. वरून मटाराचा गठ्ठा पडला असता तर? माझ्या लेकीचा आवाज आहे तिच्यात. मी तर चांगली जाड पाहूनच घेतली. स्वच्छ धुऊन घेतली आधी, मग तिच्यात ठेवली."

"पुसली होती का?"

असं मी विचारायला नको होतं. पण सवय. त्यांचा हात भाजीवर थांबला.

"का हो, भाऊ? पाण्यानं झालं का?"

नोकरीत माझ्यासमोर भलेभले फुटले. माझा चेहरा कुणाला वाचता आला नाही. मी म्हटलं, "छे हो. ती आधीच गेली होती. दुकानदार तेच म्हणाला."

"मग बरं," त्या म्हणाल्या आणि भाजी निवडू लागल्या.

संध्याकाळी मी त्यांच्या जावयाला बोलावलं. म्हटलं, "पोरीनं केलेलं नाही. ही माझी जबान. तिला जवळ घे आणि आजच घे."

"मग कुणी केलं?"

"सापडत नाही."

"काका, तुम्ही तर म्हणायचात, तुमच्या हातून एकही सुटला नाही."

गुन्हा खरा, पण आरोपी मिळत नाही, अशा प्रकरणात पोलीस कोर्टाला अहवाल देतात. त्याला अ समरी म्हणतात. ज्या अधिकाऱ्यांनी त्या पाठवल्या त्यांना मी नोकरीभर हसत आलो. त्या दिवशी जर्मनीत, मुलाच्या सोफ्यावर बसून, मी पहिली दिली. वर तीही खोटी.

निदान म्हातारी वाचली, असं समजून झोपलो.

सकाळी पाव आणायला निघालो. तिथं प्लास्टिकचा कचरा पिवळ्या पोत्यात भरून दाराबाहेर ठेवतात. वरच्या घराचं पोतं जिन्याखाली होतं. पारदर्शक असतं ते. आत सगळ्या पिशव्या होत्या. मटाराच्या, माशाच्या, कोथिंबिरीच्या. काहींना चिमटे तसेच लागलेले. ओढून काढल्या असाव्यात. बाहेर येऊन वर बघितलं तर बाल्कनीची दोरी मोकळी.

त्यानंतर सासूबाई माझ्याशी त्याबद्दल कधी बोलल्या नाहीत. मीही नाही. पूर्वी संध्याकाळी त्या पोरीला घेऊन वंदना म्हणायच्या, छतातून आम्हाला ऐकू यायची. ती बंद झाली. पुढं त्या गावी गेल्या आणि तिथंच वारल्या, म्हणून आज लिहितो.

त्या प्रकरणानं काय शिकवलं, असं विचाराल तर कामाचं काही नाही. आरोपी शोधला की माल हाती लागतो, ही माझी समजूत होती. इथं मला आरोपी मिळाला, कारण मिळालं, कबुलीही मिळाली. माल मात्र पाणी होऊन गेला होता. आणि ज्या म्हातारीला मी सोडून दिलं, तिनं स्वतःला सोडलं नाही.

ती पिशवी माझ्या ट्रंकेत आहे. सुनेनं दोनदा फेकायला काढली. मी फेकू दिली नाही.