उसना विटाळ

मी माझ्या बायकोवर पाळत ठेवली होती, आणि तीही विटाळावरून.

निजामाच्या काळात गंगाखेडला आमचं कापडाचं दुकान होतं. आम्ही शिवभक्त, गळ्यात लिंग बांधणारे. लिंग बांधलेल्या बाईला मासिक विटाळ नाही, ही आमची शिकवण, आणि तिचा मला भारी अभिमान. शेजारी उर्दू शाळेतले एक ब्राह्मण मास्तर राहत. त्यांची बायको महिन्याला चार दिवस बाजूला बसे आणि मास्तर ओलेत्यानं चूल फुंकत, खोकत सैपाक करत. मला हसू यायचं.

एका दुपारी जेवायला आलो तर आमची चूल थंड. बायको परसात भिंतीशी पोत्यावर बसलेली.

"मी बाहेरची हाय. शिवू नका."

"आपल्यात कुठं हाय हे? कुणी शिकवलं?"

तिनं भिंतीपलीकडं मास्तरांच्या परसाकडं बघितलं. मास्तरीणबाईंनी हिचं डोकं फिरवलं, असं माझ्या मनानं घेतलं. पुढं वाटू लागलं, ही खोटंच बसते. दुकान सोडून अवेळी घरी यायचो, परसाच्या दाराआड कान देऊन उभा राहायचो. भिंतीच्या दोन बाजूंनी दोघी हसत. माझ्यावरच हसतात, अशी माझी खात्री. तिचं पोट दाबणं, कमरेवर हात ठेवणं, सगळं टिपायचो, नाटक पकडायला.

एकदा ती अशी बसलेली असताना मी आमच्या स्वामींना घेऊन आलो आणि तिला पुढं उभं केलं.

"बाई, आपल्यात विटाळ न्हाई. ठावं हाय ना?"

"हाय की, स्वामी. विटाळ न्हाई म्हणून सुट्टीबी न्हाई. पोटात लय कळा येत्यात. तिकडं मास्तर भाकरी थापायलेत. म्हणून त्यांचा विटाळ उसना आणला."

स्वामी "शिव शिव" म्हणाले. मी म्हणालो, "पेटव चूल." तिनं पेटवली. स्वामी जेवून गेले.

नंतर ती कधीच बाजूला बसली नाही. मास्तर काही मायेनं रांधत नव्हते. त्या दिवसांत बायकोच्या हातचं पाणीसुद्धा त्यांना चालत नव्हतं. तरी त्या सोवळ्यात मास्तरीणबाईंना पाठ टेकायला मिळत होतं. आमच्या मोकळ्या धर्मानं मला चुलीपाशी बसायला कधीच मना केलं नव्हतं. मीच बसलो नाही.

पुढं एका सकाळी पीठ मळता मळता तिनं पोट दाबलं. इतक्या दिवसांच्या पाळतीनं ती खूण मला पाठ झाली होती. दुकानाच्या किल्ल्या खुंटीला अडकवल्या आणि परात माझ्याकडं ओढली.

तिनं परात सोडली नाही. "कोण यायलाय? स्वामी?"

"कोणी न्हाई."

"मग काय पाहिजे तुमाला?"

मी तिच्या हाताखालचा गोळा उचलला. पहिली भाकर थापतानाच फाटली. ती तशीच तव्यावर टाकून मी म्हणालो, "तुझ्यावर पाळत ठेवली, परक्यापुढं उभं केलं. चुकलं माझं. माफ कर, आन् जा, जरा पड."